ओळखी वाढल्या, विश्वासाचे काय?

लघुउद्योजकांच्या साप्ताहिक बैठका आणि समाजमाध्यमे यांनी ओळखींचे दार सर्वांसाठी उघडले. मात्र ओळखीतून व्यवसाय उभा राहण्याचा मार्ग पूर्वीइतकाच लांबचा आहे. (खास प्रतिनिधी)

पुण्यातील कोथरूड असो, ठाण्याचा घोडबंदर रस्ता असो किंवा नाशिकचा गंगापूर रोड. आठवड्यातील एखाद्या दिवशी तेथील हॉटेलच्या सभागृहात सकाळी साडेसातलाच लगबग सुरू झालेली असते. एका हातात पोह्यांची बशी आणि दुसऱ्या हातात व्हिजिटिंग कार्डांची चळत घेऊन मंडळी एकमेकांची विचारपूस करीत असतात. विमा सल्लागार, अंतर्गत सजावटकार, सनदी लेखापाल, केटरिंगवाले, फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालविणारे असे तीस-चाळीस व्यावसायिक ओळीने उभे राहतात आणि जेमतेम एका मिनिटात आपला व्यवसाय सांगतात. दहाच्या सुमारास बैठक संपते आणि दुपारपर्यंत तिची छायाचित्रे फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सअॅपवर झळकू लागतात.

गेल्या दोन दशकांत महाराष्ट्राच्या शहरांमध्ये हे दृश्य परिचयाचे झाले आहे. नोकरदार कुटुंबातून आलेला, वाडवडिलांची पेढी पाठीशी नसलेला तरुण व्यवसायात उतरला की पहिला सल्ला मिळतो तो ‘नेटवर्किंग वाढव’ हा. दुसरा सल्ला ‘सोशल मीडियावर दिसत राहा’ असा असतो. दोन्ही सल्ले चुकीचे नाहीत. पण वर्ष-दोन वर्षे बैठकांना हजेरी लावून आणि रोज एक चित्रफीत टाकूनही ऑर्डरवही रिकामीच का राहते, हा प्रश्न अनेकांना पडतो आणि त्याचे उत्तर या दोन्ही व्यासपीठांवर सहसा मिळत नाही. ते शोधायचे तर ही व्यासपीठे नेमके काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, याचा हिशेब मांडायला हवा.

गरज जुनीच

व्यापारात पैशाइतकीच पतही लागते. गुजराती, मारवाडी, सिंधी व्यापारी समाजांत ही पत जन्मापासून उपलब्ध असते. अमक्याचा मुलगा, तमक्याचा भाचा एवढ्या ओळखीवर माल उधार मिळतो आणि पहिले गिऱ्हाईकही मिळते. मराठी मध्यमवर्गात असे जाळे विरळ होते. ती उणीव भरून काढण्यासाठी संस्था उभ्या कराव्या लागतील, हे येथील धुरिणांनी फार पूर्वी ओळखले होते. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स स्थापन झाले. पुण्यात १९३४ मध्ये मराठा चेंबर सुरू झाले. माधवराव भिडे यांनी २००० मध्ये सुरू केलेला सॅटर्डे क्लब हा त्याच धाग्याचा पुढचा टप्पा. मराठी उद्योजकांनी एकमेकांना नियमित भेटावे आणि एकमेकांना काम मिळवून द्यावे, हा त्यामागील विचार होता. इव्हान मिस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत स्थापन केलेल्या बीएनआय या संस्थेचे चॅप्टरही पुढे भारतातील शहरांत सुरू झाले.

प्रसिद्धीचे तंत्रही आजचे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि नांगर पडून राहत. माल चांगला असणे पुरेसे नाही, तो वापरणाऱ्याच्या मनातील शंका दूर व्हावी लागते, हा धडा त्या घराण्याने घेतला. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले. कारखान्याच्या मालाची माहिती देणाऱ्या त्या पत्राला शंकरराव किर्लोस्करांनी वाचकाला उपयोगी पडेल अशा मजकुराची जोड दिली आणि त्यातून एक मान्यवर मासिक आकाराला आले. आज ‘कंटेंट मार्केटिंग’ या भारदस्त नावाने जे शिकविले जाते, त्याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा मराठी नमुना म्हणता येईल.

बैठकीचे बळ

साप्ताहिक बैठकांची रचना साधी पण विचारपूर्वक केलेली असते. काही संस्थांमध्ये एका गटात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतला जातो, त्यामुळे आपसांतील स्पर्धा टळते. दर आठवड्याला कोणी कोणाला कोणते काम मिळवून दिले, याची नोंद ठेवली जाते. हजेरीची शिस्त असते. महिनोन्‌महिने त्याच व्यक्तीला पाहिल्यामुळे तिचा स्वभाव, बोलण्यातील सचोटी आणि कामाची पद्धत हळूहळू कळते. जाहिरातीने न मिळणारी ही गोष्ट आहे.

या पद्धतीला समाजशास्त्राचाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये ‘दुर्बल संबंधांचे बळ’ हा सिद्धान्त मांडला. बोस्टनजवळील न्यूटन येथे ओळखीतून नोकरी मिळविलेल्यांना त्याने विचारले, की ज्यांच्याकडून ही वार्ता कळली ते तुम्हाला कितपत भेटत असत? ‘वारंवार’ असे सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. सुमारे ५६ टक्क्यांनी ‘अधूनमधून’ आणि सुमारे २८ टक्क्यांनी ‘क्वचित’ असे उत्तर दिले. जवळच्या मित्राला जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी वार्ता येते ती दूरच्या ओळखीतून. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर झालेला अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातही बेताच्या जवळिकीच्या ओळखी नोकरीसाठी सर्वाधिक उपयोगी ठरल्याचे दिसले. हे अभ्यास नोकरीविषयीचे असले, तरी कामाची वार्ता कशी फिरते हा त्यांतील मुद्दा व्यवसायालाही लागू पडतो.

येथेच बैठकांची मर्यादाही दिसते. दोन-तीन वर्षे तेच तीस-चाळीस जण भेटत राहिले की दूरची ओळख जवळची होते आणि नव्या वार्तेचा झरा आटतो. मग सदस्यच सदस्यांचे ग्राहक बनतात. सजावटकार लेखापालाचे कार्यालय सजवितो, लेखापाल सजावटकाराचे विवरणपत्र भरतो आणि गटाच्या वहीत दोन्ही व्यवहारांची नोंद होते. पैसा फिरतो खरा, पण तो वर्तुळातच फिरतो. गटाबाहेरचा ग्राहक किती आला, हा आकडा वेगळा काढल्याशिवाय बैठकीचे खरे मोल कळत नाही.

खुल्या संपर्क मेळाव्यांची अडचण निराळी आहे. पॉल इंग्राम आणि मायकेल मॉरिस या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २००७ मध्ये अशा एका मेळाव्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोण कोणाशी बोलते हे त्यांनी इलेक्ट्रॉनिक बिल्ल्यांच्या साहाय्याने टिपले. नव्या लोकांना भेटायचे आहे, असे येताना बहुतेकांनी सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र पाहुणे आधीपासून ओळखीच्या असलेल्यांकडेच अधिक वळले. आपल्याकडच्या मेळाव्यांतही चहाच्या टेबलाभोवती कोण कोणाशी बोलत आहे, हे पाहिले तर याहून वेगळे चित्र दिसेल असे नाही.

भाड्याच्या जागेतील दुकान

या वर्तुळाबाहेर पडण्याचे साधन म्हणून समाजमाध्यमांकडे पाहिले जाते. जानेवारी २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने छोट्या व्यावसायिकांसाठी वेगळे अॅप आणले. पुढे त्यात मालाची यादी छायाचित्रांसह मांडण्याची सोय झाली. दुकान, फलक, छापील माहितीपत्रक यांतील काहीही नसलेल्या व्यक्तीलाही या साधनांनी ग्राहकासमोर उभे केले, ही त्यांची कामगिरी नाकारता येणार नाही.

परंतु ही जागा व्यावसायिकाच्या मालकीची नाही. आज पानाला पसंती देणाऱ्या हजार जणांना उद्या आपला मजकूर दिसेलच, याची हमी कोणी देत नाही. ‘सोशल@ओगिल्व्ही’ने २०१४ मध्ये शंभराहून अधिक मोठ्या ब्रँडांची फेसबुक पाने तपासली. पैसे न भरता टाकलेला मजकूर ऑक्टोबर २०१३ मध्ये पानाच्या सुमारे १२ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचत होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्क्यांवर आले. म्हणजे हजारांपैकी साठ. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने कुटुंबीय व मित्रांच्या मजकुराला प्राधान्य देण्याचे जाहीर केले आणि व्यावसायिक पानांची वाट आणखी अरुंद झाली. आधी फुकट गर्दी जमवून द्यायची आणि मग त्या गर्दीपर्यंत पोहोचण्याचे शुल्क घ्यायचे, हा या व्यवसायाचा ढाचाच आहे. त्यात बेकायदा काही नाही, पण व्यावसायिकाने तो समजून घेतला पाहिजे.

मालक बदलण्याचा, जागाच बंद होण्याचा धोकाही कल्पनेतला नाही. एकेकाळी भारतीय तरुणाईचे आवडते असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अॅप्सवर बंदी घातली आणि तेथे जमविलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाले. घटस्थापना तीन दिवसांवर आली होती. ज्यांच्या ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक केवळ त्या अॅपमधील संभाषणांतच होते, त्यांच्या हाती त्या रात्री वाट पाहण्यापलीकडे काही नव्हते.

हापूसची साक्ष

समाजमाध्यमांचे बळ आणि त्यांची मर्यादा या दोन्हींची साक्ष कोकणचा हापूस देतो. मार्च २०२० च्या अखेरीस टाळेबंदी लागली ती ऐन आंब्याच्या हंगामात. वाशीच्या घाऊक बाजाराची घडी विस्कटली आणि रत्नागिरी, देवगडच्या बागायतदारांपुढे तयार फळ विकण्याचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा अनेकांनी मुंबई-पुण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांशी थेट संधान बांधले. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर मागणी नोंदवली जाई आणि पेट्या थेट फाटकाशी उतरत. त्या कठीण दिवसांत ही साखळी जुळली, कारण सोसायटीतील कोणीतरी त्या बागायतदाराला ओळखत होते. कोणाचे गाव शेजारी होते, कोणाचा मावसभाऊ त्याच तालुक्यात होता. माध्यमाने निरोप पोहोचविला, हमी मात्र माणसाने घेतली.

पुढे हाच मार्ग सर्वांसाठी खुला झाला आणि ‘अस्सल देवगड हापूस’ असे लिहिलेल्या जाहिराती प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊ लागल्या. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेला असूनही पेटीतील फळ नेमके कोठले, हे चित्रावरून ओळखण्याची सोय ग्राहकाकडे नव्हती. अखेर २०२५ च्या हंगामात देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेला फळावर स्वतंत्र क्रमांकाचे स्टिकर लावण्याची पद्धत आणावी लागली. दिसण्याचा खर्च शून्यावर आला की खरा आणि खोटा दोघेही सारखेच दिसू लागतात. अशा वेळी विश्वास सिद्ध करण्याचा खर्च वाढतो, हा यातील धडा आहे. तो आंब्याइतकाच सजावटकाराला आणि लेखापालालाही लागू पडतो.

न दिसणारा खर्च

व्यासपीठांचा हिशेब मांडताना सदस्यत्वाची वर्गणी आणि जाहिरातीचे पैसे तेवढे मोजले जातात. वेळ मोजला जात नाही. समजा, दर आठवड्याची बैठक दोन तासांची आहे आणि जाण्या-येण्यात एक तास मोडतो. वर्षातील पन्नास आठवड्यांचे दीडशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर जवळपास एकोणीस कामाचे दिवस. रोज एक तास समाजमाध्यमांवर घालविला, तर वर्षाकाठी आणखी पंचेचाळीस दिवस त्यात भरतात. एकट्याने व्यवसाय चालविणाऱ्याच्या दृष्टीने हा दोन महिन्यांहून अधिक काळ आहे. तेवढ्या दिवसांत आधीच्या ग्राहकांची चौकशी, अर्धवट राहिलेली कामे आणि वसुली यांत किती भर पडली असती, याची तुलना क्वचितच होते.

दुसरा खर्च उधारीचा. ओळखीतून आलेल्या कामात भिडस्तपणा येतो. दर आठवड्याला समोरासमोर बसून पोहे खाणाऱ्याकडे थकलेल्या बिलाचा तगादा कसा लावायचा, हा संकोच अनेक लघुउद्योजकांना महाग पडतो. कायदा त्यांच्या बाजूने आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे बिल लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकरातील दुरुस्तीने त्याला आणखी धार आली. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीस मिळेनासा झाला. मात्र कायद्याचा आधार घ्यायचा तर हाती कागद लागतो आणि ओळखीच्या व्यवहारात नेमका तोच नसतो. काम मित्राचे असले तरी दर, मुदत आणि आगाऊ रक्कम लेखी असावी, हा नियम गटानेच घालून दिला तर मैत्री आणि व्यवसाय दोन्ही टिकतील.

तिसरा मुद्दा ग्राहकाच्या खासगीपणाचा. मेळाव्यात मिळालेले कार्ड म्हणजे आपल्या प्रचारगटात ओढून घेण्याची परवानगी, असा समज रूढ झाला आहे. संमती न घेता पाठविलेल्या संदेशांनी ग्राहक जोडला जाण्याऐवजी दुरावतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षण कायदा संमत झाला आणि २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. त्यामुळे ग्राहकाचा क्रमांक कशासाठी घेतला आणि त्याने कशाला होकार दिला, याची नोंद ठेवण्याची सवय छोट्यांनाही लावून घ्यावी लागेल.

दोन साधने, एक साखळी

मग या व्यासपीठांकडे पाठ फिरवावी काय? तसे करणे आततायीपणाचे होईल. प्रश्न कोणत्या साधनाकडून कोणते काम करून घ्यायचे, याचा आहे. ज्या व्यवसायात एक काम लाखाचे असते आणि ग्राहक आयुष्यात एक-दोनदाच येतो, तेथे शिफारसीला पर्याय नाही. वास्तुविशारद, वकील, यंत्रसामग्रीचे उत्पादक यांना माणसांच्या बैठकीचा लाभ अधिक. ज्यांचा माल डोळ्यांना दिसतो, किंमत माफक असते आणि खरेदी वारंवार होते, त्यांना समाजमाध्यमे अधिक उपयोगी पडतात. घरगुती फराळ, साड्या, दागिने, सहली ही त्याची उदाहरणे. कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्याने मात्र रोज चित्रफिती टाकण्यापेक्षा चाकण किंवा अंबड येथील दहा खरेदी अधिकाऱ्यांना वर्षातून दोनदा भेटणे शहाणपणाचे.

दोन्ही साधने एका साखळीत गुंफली तर त्यांचे बळ वाढते. बैठकीत नाव कळलेला माणूस त्याच संध्याकाळी मोबाइलवर त्या नावाचा शोध घेतो. तेथे पुरस्कार स्वीकारतानाची पन्नास छायाचित्रे सापडली तर त्याला काही कळत नाही. पूर्ण केलेल्या पाच कामांची चित्रे, लागलेला काळ, अंदाजे खर्च आणि जुन्या ग्राहकाचा अभिप्राय सापडला तर त्याचा निर्णय सोपा होतो. यापुढची कडी सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे दोन दिवसांत केलेला दूरध्वनी आणि त्यानंतर स्वतःच्या वहीत किंवा संगणकात केलेली नोंद. ग्राहकाचे नाव, क्रमांक, त्याने काय घेतले, पुन्हा कधी लागेल आणि तो कोणाच्या शिफारसीने आला, एवढी पाच सदरे असलेली नोंदवही कोणत्याही अॅपच्या मर्जीवर अवलंबून नसते. वर्षअखेरीस हीच वही सांगते, की बैठकीतून किती आले, समाजमाध्यमातून किती आले आणि जुन्या ग्राहकाच्या तोंडून किती आले. ज्या सदरात भर नाही, तेथील वेळ कमी करण्याचा निर्णय मग भावनेवर सोडावा लागत नाही.

संस्थांनीही या दृष्टीने आपल्या पद्धती तपासण्याची गरज आहे. किती रुपयांच्या कामांची देवाणघेवाण झाली याचे आकडे व्यासपीठावरून अभिमानाने वाचले जातात. त्यांतील सदस्यांबाहेरून आलेले किती, वेळेत वसूल झालेले किती, हेही वाचले गेले तर नवागताला खरे चित्र दिसेल. दुसऱ्या शहरातील, दुसऱ्या भाषेतील गटांशी नियमित भेटी ठेवल्या तर आटलेले झरेही पुन्हा वाहते होतील.

‘किर्लोस्कर खबर’ निघाले ते कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी. ते टिकले ते त्यात वाचकाच्या उपयोगाचे काही होते म्हणून. आणि त्यातील माहितीवर विश्वास बसला, कारण नांगर शेतात चालत होता. आजच्या उद्योजकाच्या हाती छापखान्याहून वेगवान आणि स्वस्त साधन आहे. त्याने ओळख होईल. ओळखीनंतर पहिले काम मिळेल. दुसरे काम मात्र पहिले कसे झाले, यावरच ठरेल आणि व्यवसायाची वाढ म्हणतात ती या दुसऱ्या कामापासून सुरू होते.